चार वाजताचा ग्लास

"पातळ म्हणजे नेमकं काय गं, अक्का?"

पप्पा फ्रिजसमोर उभे होते. म्हणजे फ्रिज दिसतच नव्हता, नुसते पप्पा दिसत होते. दारावर आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली मिरजेच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी दिलेला कागद लावला होता आणि पप्पांचं बोट पहिल्याच ओळीवर होतं. 'ऑपरेशनआधी चौदा दिवस फक्त पातळ आहार.'

"ज्याला स्वतःचा आकार नसतो ते," मी म्हटलं. पप्पा मला लाडानं अक्का म्हणतात. तेव्हा मी सातवीत होते आणि घटक चाचणीत मला विज्ञानात वीसपैकी अठरा मिळाले होते. "भांड्यात ओतलं की भांड्यासारखं होतं. ओतता आलं की पातळ."

"ओतता आलं की पातळ." पप्पांनी हे दोनदा घोळवलं. "परीक्षेला असंच लिहिलीस काय?"

"असंच लिहिलो की. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी."

(आमच्या कुरुंदवाडकडं मुलीसुद्धा 'लिहिलो', 'आलो', 'गेलो' म्हणतात. पुण्याची मावशी हसते. हसू दे.)

"मग काय, मिटलं!" पप्पा म्हणाले, माझ्या डोक्यावर एक टपली मारली आणि खुशीत दुकानाकडं गेले. मला वाटलं, मला शाबासकी मिळाली. आमचं दुकान बासुंदीचं आहे हे मला त्याच क्षणी आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

माझ्या पप्पांचं नाव सुकुमार. सुकुमार मगदूम, वजन एकशे सेहेचाळीस किलो. घरातला काटा एकशे तीसला संपायचा, म्हणून त्यांचं वजन दुकानातल्या दुधाच्या मोठ्या काट्यावर व्हायचं, कॅनच्या शेजारी. आधी कॅन उतरवायचे, मग पप्पा चढायचे. गिऱ्हाईक असलं तर पप्पा म्हणायचे, "बघा, आज दूध जरा जास्तच आलंय!" सगळे हसायचे. मम्मी हसायची नाही.

कारण पप्पांना साखर होती, गुडघे गेले होते आणि झोपेत त्यांचा श्वास थांबायचा. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांची मान पडायची, घोरणं सुरू व्हायचं आणि मध्येच एकदम सगळं शांत. त्या शांततेत मम्मी हातातलं काम तसंच धरून उभी राहायची, पुढचं घोरणं ऐकू येईपर्यंत.

पोट लहान करायचं ऑपरेशन करणारे मिरजेचे डॉक्टर स्पष्ट बोलले होते. "यकृतावर चरबी आहे. चौदा दिवसांत पाच किलो उतरवा, म्हणजे ते आकसेल आणि मला पोटापर्यंत नीट पोचता येईल. पाच किलो उतरले नाहीत तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. सुकुमारराव, हे तुमच्या हातात आहे."

"तोंडात आहे म्हणा," पप्पा म्हणाले होते. डॉक्टरसुद्धा हसले होते.

तर, पहिले पाच दिवस घरात एक नाटकच चाललं होतं. मम्मीनं चिवड्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी, भडंग, सगळं उचलून मामाकडं पोचवलं. सकाळी प्रोटीनची पावडर, दुपारी वरणाचं पाणी आणि ताक, आणि दिवस मावळायच्या आत भाज्यांचं सूप. आम्ही जैन, त्यामुळं अंधार पडल्यावर जेवायचं नाही. हा एक नियम पप्पांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता. लोक रात्री अकरापर्यंत जे खातात ते पप्पा सहाच्या आत उरकायचे, एवढंच.

"हे सूप नव्हे," पप्पा वाटीत बघून म्हणायचे. "दोडक्यानं आंघोळ केलीय ह्यात."

"प्या."

"गाळलीस तरी का? निदान दोडका भेटला असता."

"प्या म्हटलं ना!"

पप्पा प्यायचे. तक्रार करत, पण सगळं प्यायचे. म्हणूनच सहाव्या दिवशी ते दुधाच्या काट्यावर चढले तेव्हा मम्मी हात जोडून उभी होती. काटा एकशे चव्वेचाळीस आणि वर सहाशे ग्रॅमवर थांबला.

"सहा दिवसांत दीड किलोसुद्धा नाही?" मम्मीचा आवाज बारीक झाला. "नुसत्या पाण्यावर माणूस, आणि दीड किलो नाही? काटा बिघडलाय काय हो, बसगोंडाकाका?"

बसगोंडाकाका आमचे कारागीर. आज्जोबांच्या वेळेपासून कढईपाशी. ते छताकडं बघायला लागले. छतावर काही नव्हतं.

माझी शाळा तेव्हा सकाळची होती. त्या दिवशी दुपारी चार वाजता मी वहीचं कव्हर शोधत दुकानाच्या मागच्या बाजूला भट्टीवर गेले. नुकतीच बासुंदी उतरली होती. बसगोंडाकाकांनी स्टीलचा उंच ग्लास भरला, वर ताटली झाकली आणि थंड पेटीमागच्या फळीवर ठेवला. थोड्या वेळानं पप्पा आले. त्यांनी ग्लास घेतला, भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि पिऊ लागले. घोट घोट. एवढ्या हळू मी पप्पांना काही खाताना-पिताना कधीच बघितलं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा समोर मी.

"पप्पा!"

"पातळ आहे," पप्पा घाईनं म्हणाले. "ओतता येते. तूच सांगितलीस."

व्याख्या माझीच होती. (कागदाच्या मागच्या पानावर 'साखर, साय, कोणतेही गोड नाही' असं ठळक लिहिलेलं होतं. ते पान आपण उलटलंच नाही असं पप्पा अजून शपथेवर सांगतात.)

"मम्मीला सांगू नको हं, अक्का. चारचा एक ग्लास, बास."

आज कुणी मला असं म्हणालं असतं तर मी अख्खं दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण तेव्हाची मी निराळी होते. वर्गात मला 'बासुंदीचा कॅन' म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायची. उत्तर येत असलं तरी हात अर्ध्यातच खाली यायचा. घरात तर पप्पांच्या विरुद्ध मी एक शब्दही काढायची नाही, कारण मला ते फार आवडायचे. अजून आवडतात. त्यामुळं मी मान डोलावली आणि रडवेली होऊन घरी आले. आठ दिवस राहिले होते आणि साडेतीन किलोपेक्षा जास्त उतरायचं होतं.

मग मला युक्ती सुचली. मला ती तेव्हा फारच हुशारीची वाटली.

दुसऱ्या दिवशी पावणेचारलाच मी भट्टीवर गेले. काका कढई घासायला पाठमोरे झाले की फळीवरचा ग्लास उचलला, दुधाच्या रिकाम्या कॅनच्या रांगेमागं जाऊन बसले आणि पिऊन टाकला. सगळा. मग ग्लास विसळून, पुसून परत फळीवर ठेवला आणि वर ताटली झाकली.

चार वाजता पप्पा आले. ताटली उचलली. मी दारातून बघत होते. पप्पांनी ग्लासात बघितलं. ग्लास उलटा करून बघितला. इकडं तिकडं बघितलं. आणि काहीही न बोलता परत गेले! विचारणार तरी कुणाला? विचारलं की चोर सापडला. नंतर कळलं, आधी त्यांना वाटलं मम्मीला पत्ता लागलाय आणि ती न बोलता शिक्षा करतेय. त्या संध्याकाळी त्यांनी दोडक्याचं सूप एक शब्द न काढता प्यायलं, वर "छान झालंय" म्हणाले. मम्मीनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

चार दिवस असे गेले. दुधाचा काटा खाली यायला लागला. एकशे त्रेचाळीस. एकशे बेचाळीस आणि थोडं. मम्मी देवापुढं जास्त वेळ बसू लागली. आणि माझी मात्र वाट लागली होती. अर्ध्या लिटरचा ग्लास तो! पहिल्या दिवशी मजा वाटली, दुसऱ्या दिवशी जड झालं, तिसऱ्या दिवसापासून नुसता वेलदोड्याचा वास आला तरी मळमळायचं. तुम्हाला वाटेल, बासुंदी प्यायला काय रडायचं? पिऊन बघा. रोज. नको असताना.

पाचव्या दिवशी मी कॅनमागं बसून, नाक एका हातानं दाबून, डोळे घट्ट मिटून, शेवटचे दोन घोट राहिले असताना थांबले होते. घशाखाली जाईना. डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि डोक्यावरून आवाज आला.

"अक्का?"

मम्मी चार दिवस रागावलीच नाही, म्हणून पप्पा चोर धरायला कॅनमागं लपायला आले होते. जागा आधीच भरलेली होती.

मी उठायला गेले आणि सगळी बासुंदी मोरीत ओकले. पप्पांनी माझी वेणी धरली, पाठ चोळली, तोंड धुतलं. मग दुधाच्या क्रेटवर बसले. क्रेट कण्हला.

"तुला एवढी आवडती होय? मग मागायची की. चोरून कशाला?"

"मला नाही आवडत!" मी ओरडलेच. "मला आता आयुष्यात नको बासुंदी! तुम्ही पिऊ नये म्हणून पितो मी. पाच किलो नाही उतरले तर ते टेबलावर घेणार नाहीत. मग तुमचा श्वास थांबला की मम्मी नुसती उभी राहणार. आणि हे सगळं माझ्यामुळं, मीच सांगितलो पातळ म्हणजे काय ते!"

पप्पांनी माझा हात आपल्या दोन हातांत धरून ठेवला. त्यांच्या हातांत माझा हात दिसतसुद्धा नव्हता.

"मला भूक नव्हती गं," मग ते म्हणाले.

"मग?"

"त्या मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन झाल्यावर जीभ बदलती. गोड सोसत नाही, नकोसं वाटतं. बाकीच्यांना बरंच आहे ते. पण मला सांग, आपल्या दुकानात माप कुठं लिहिलंय?"

मी विचार केला. कुठंच नव्हतं. दूध रोज वेगळं यायचं, म्हशी वेगळ्या, वैरण वेगळी, आणि पप्पा चमचाभर तोंडात घेऊन सांगायचे, "बसगोंडा, मूठभर साखर," किंवा "अजून दोन उकळ्या."

"आज्जोबांनी मला जिभेवर शिकवलं. ती जीभच गेली तर मी गल्ल्यावर बसून काय करू? म्हणून रोज पीत होतो. पाठ करत होतो, अक्का. परीक्षेच्या आधी तुम्ही करता तसं."

मला खूप रडू आलं आणि थोडं हसूही आलं. एकशे बेचाळीस किलोचा माणूस भिंतीकडं तोंड करून पाठांतर करत होता.

"पण पप्पा," मी म्हटलं, "पाठ मी केलं तर?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. "तुला आयुष्यात नको होती की बासुंदी."

"ग्लास नको. चमचा चालेल."

मम्मीला त्याच दिवशी सगळं सांगितलं. मी सांगितलं, पप्पा माझ्यामागं लपले, म्हणजे लपायचा प्रयत्न केला. मम्मीनं आधी मला एक धपाटा घातला, मग पप्पांना दोन, मग बसगोंडाकाकांना "तुम्हीसुद्धा?" म्हणाली. काका परत छताकडं बघायला लागले. मग मम्मीनं तो उंच ग्लासच कपाटात बंद करून किल्ली कमरेला लावली.

राहिलेले दिवस चार वाजता भट्टीवर शाळा भरायची. मला एक चमचा. पप्पांना काही नाही. ते नुसते कढईवर वाकून वास घ्यायचे आणि मला विचारायचे.

"काय लागलं?"

"गोड."

"गोड साखरसुद्धा लागती. नीट सांग. आधी काय आलं?"

"वेलदोडा."

"मग?"

"दूध. जाड दूध. साय जिभेला चिकटली."

"आणि शेवटी?"

"शेवटी... काहीतरी आहे. भाजल्यासारखं. कडू नाही."

पप्पांनी टाळी वाजवली. "ते भांडं! तळाला जरासं लागलेलं. करपलेलं नव्हे, लागलेलं. आधी वेलदोडा, मग दूध, शेवटी भांडं. भांडं लागलं नाही तर ती नुसती आटवलेली साखर. म्हण."

"आधी वेलदोडा, मग दूध, शेवटी भांडं."

मनगटावरचा थेंबही त्यांनी शिकवला. थेंब टाकायचा आणि हात तिरका करायचा. पळाला तर दूध. जागचा हलला नाही तर खवा. विचार करत करत निघाला तर बासुंदी.

चौदाव्या दिवशी काटा एकशे चाळीस आणि चारशे ग्रॅमवर थांबला. मम्मीनं काट्यालाच नमस्कार केला.

ऑपरेशन झालं. पप्पांचं पोट आता केळ्याएवढं राहिलंय असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी दोन दिवस केळं खाल्लं नाही. घरी आल्यावर औषधाच्या टोपणाएवढा कप. त्यातून तीस मिली पाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तीस मिली. मम्मीच्या मोबाइलचा गजर वाजला की घोट. मग ताक, मग मऊ वरण, मग कुस्करलेला मुगाचा डोसा. दोन चमचे मुगाशी वीस मिनिटं गप्पा मारत बसायचे पप्पा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. एकदा घाईनं गिळलं तर छातीत असा गोळा अडकला की घामाघूम झाले. त्यानंतर मी शेजारी बसून घास मोजायची. "अठरा... एकोणीस... पप्पा, अजून चावा, मी बघतोय."

मिरजेला जाऊन आलेल्या एकानं सांगितलं होतं की ऑपरेशननंतर खायची इच्छाच मरते. साफ खोटं. पोट लहान झालं होतं, मन तेवढंच होतं. पाचव्या आठवड्यात त्यांना मिरचीभजी हवी झाली. "खात नाही. नुसती बघतो." मी बाजारातून एक आणली. त्यांनी हातात धरली, फिरवली, वास घेतला आणि मला दिली. "तू खा. आणि सांग." मी खाल्ली आणि सांगितलं. बाहेर कुरकुरीत, आत चिंचेचं पाणी लागतंय, मिरची आता चढतेय, आता कानातून वाफ येतेय! पप्पा हसून हसून टाक्यांवर हात धरून बसले.

आता मुख्य गोष्ट.

डिसेंबर. दत्तजयंती. शेजारच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला येणारी निम्मी गर्दी आमच्याकडं बासुंदीला येते. पप्पा एकशे अकरा किलोचे झाले होते, जुना शर्ट त्यांच्या अंगावर पडद्यासारखा हलायचा. सकाळपासून दुकानात उभे होते. उभे! मॅडमनी पहिल्यांदाच परवानगी दिली होती, जिभेच्या टोकावर एक थेंब. मी बघत होते, बसगोंडाकाका बघत होते, दाराशी गिऱ्हाइकं उभी होती. चाळीस लिटरची कढई नुकतीच उतरवून पुढं दुकानात आणली होती.

पप्पांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि त्यांचा चेहरा आंबट खाल्ल्यासारखा वाकडा झाला.

"बसगोंडा! साखर किती घातलास? तोंडात धरवत नाही. दहा लिटर दूध ओत ह्यात, लगेच!"

काकांनी दुधाचा कॅन उचलला. मालकांची जीभ म्हणजे शेवटचा शब्द, तीस वर्षं तसंच चालत आलं होतं. मी चमचा भरून तोंडात घातला. वेलदोडा. दूध. आणि अगदी शेवटी, हळूच, भांडं.

कॅन तिरका झाला.

"थांबा!"

तो आवाज माझा होता. दाराशी उभे असलेले सगळे वळले. त्यात माझ्या वर्गातली दोन पोरंही होती.

"साखर बरोबर आहे," मी म्हटलं. कॅन अडवायला वर केलेला हात मी खाली घेतला नाही. "दूध घातलं तर भांडं जाईल. बासुंदी बरोबर आहे, पप्पा. तुमची जीभ बदललीय."

पप्पांनी एक थेंब मनगटावर टाकला आणि हात तिरका केला. थेंब थोडा थांबला. मग विचार करत करत निघाला.

पप्पा त्या थेंबाकडं बघत राहिले, तो कोपरापर्यंत जाईतोवर. मला वाटलं, आता रागावतील. त्याहून वाईट म्हणजे, आता रडतील.

"बसगोंडा," ते म्हणाले, "कॅन ठेव खाली. अक्का म्हणती तसं."

काकांनी कॅन ठेवला आणि पहिल्यांदाच छताकडं न बघता माझ्याकडं बघितलं. बाहेर गर्दी पुढं सरकली, मापं भरायला लागली, आणि ती कढई दोन तासांत खाली झाली.

आता मी दहावीत आहे. रोज चारला एक चमचा घेते आणि दुकानाला सांगते. वर्गात आता मला कुणी कॅन म्हणत नाही. म्हटलं तर मी त्याला बासुंदीची व्याख्या सांगते, आणि ती लांब आहे.

पण दत्तजयंतीच्या त्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर पप्पा मागं भट्टीवर आले आणि क्रेटवर बसले. क्रेट कण्हला नाही. त्यांच्या हातात औषधाच्या टोपणाएवढा तोच कप होता, त्यात ताक.

"अक्का," ते म्हणाले, "आजची कशी झाली होती? मला नीट कळली नाही. सांग. घाई करू नको."

मी त्यांच्या शेजारी बसले. आधी वेलदोडा कसा आला ते सांगितलं, नाकात आधी आणि जिभेवर नंतर. मग दुधाचं सांगितलं, साय कशी टाळूला लागून राहिली आणि सोडायला तयार नव्हती. पप्पांनी डोळे मिटले होते. मग भांड्याचं सांगितलं, ते कसं सगळं संपल्यावर, आता काही उरलं नाही असं वाटताना आलं आणि बराच वेळ तसंच राहिलं.

पप्पांनी ओठांवरून जीभ फिरवली, डोळे उघडले आणि पोटावर हात ठेवला.

"बास," ते म्हणाले. "पोट भरलं."